आक्काची बोअर

धुळ्याहून आमची गाडी कुठल्याही गावात शिरली की आधी माणसं जमतात आणि मग सल्ले सुरू होतात. कुणाला वाटतं दाब कमी पडतोय, कुणाला वाटतं आज अमावास्या आहे, उद्या या. या कामात माझे केस पांढरे झाले, तरी प्रत्येक गावात एक तरी शहाणा भेटतोच, जो मला माझं काम शिकवतो. पूर्वी मी भांडायचो. आता त्याच्या हातात पाइपाचं एक टोक देतो आणि धरून ठेव म्हणतो. वजन अंगावर आलं की तो आपोआप गप्प होतो.

काम सांगायला सोपं आहे. मुळातच कमी पाण्याची किंवा आटलेली बोअर घ्यायची. आत रबराचा लांबोडा फुगा उतरवायचा आणि तो फुगवून बोअर मधेच घट्ट बंद करायची. मग त्या फुग्याच्या खाली पंपानं जोरात पाणी दाबायचं. काळ्या दगडाला बारीक भेगा असतात. दाबानं त्या मोकळ्या होतात, कधी नव्या पडतात, आणि आजूबाजूच्या दगडात अडकून पडलेलं पाणी बोअरकडे यायला लागतं. कागदोपत्री याला जलभंजन म्हणतात. गावात म्हणतात बोअर फोडणं, आणि मलाही तेच बरं वाटतं.

पाणी लागलं की गुलाल उधळणारे पुष्कळ, पण त्यानंतर मी जे सांगतो ते ऐकणारा मला अजून भेटायचाय. आमच्या खानदेशात दोन काळ्या थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पातळ थर असतो, गेरूच्या रंगाचा. ओला झाला की बोटांना बुळबुळीत लागतो. आम्ही भेगा मोकळ्या करतो तेव्हा कधीकधी या लाल थरालाही वाट फुटते. पाणी सावकाश ओढलं तर ती बारीक माती जागेवर बसून राहते. मोटर जोरात चालवली की ती पाण्याबरोबर धावत सुटते आणि भेग जिथे अरुंद असेल तिथे जाऊन अडकते. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. चहा भसकन ओतला की गाळणी तुंबते, तसंच हे. गाळणी निदान झटकता येते, जमिनीखालची भेग कशी झटकणार? पाणी खाली असतं तिथेच असतं, आणि वर यायची त्याची वाट बुजून जाते.

म्हणून मी सांगतो, बोटाएवढ्या धारेनं घ्या, वर्षानुवर्षं चालेल. माणसं माना डोलावतात आणि आमची गाडी वेशीबाहेर पडायच्या आत मोटर पूर्ण सोडतात. या बाबतीत माझा माणसांवरचा विश्वास कधीच उडालाय. तो ज्या ठिकाणी उडाला ते घर परक्याचं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं.

आक्का भडगाव तालुक्यातल्या, टेकाडावरच्या एका गावात दिलेली. गिरणा नदीचं पाणी खालच्या गावांच्या नशिबी, वरच्यांना नुसतं तिचं नाव. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, संसारही तिकडेच. शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. घरात आक्का, एक शेळी आणि दाजींचा फोटो. मुलगा दर दिवाळीला यायचा, चल माझ्याबरोबर म्हणायचा, आणि ती दर वेळी पुढच्या दिवाळीवर ढकलायची.

ती पहिल्यापासून बोलघेवडी. लहानपणी मला शाळेत सोडायला यायची तेव्हा वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलत बसायची आणि मास्तरांचा मार मला बसायचा. दाजीही तसेच गप्पिष्ट होते. ते गेल्यावर तिची बडबड ऐकायला शेळी तेवढी उरली. गल्ली वाईट नव्हती, कुणी तिला टाकून बोलत नव्हतं. पण विधवा बाईच्या भोवती गाव थोडी रिकामी जागा ठेवतं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. हळदीचं बोलावणं यायचं नाही. बारशाचं यायचं, पण बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली की आक्काला नेमकं चुलीपाशी काहीतरी काम निघायचं. सकाळी शुभकार्याला निघालेल्या बाया ती ओट्यावर दिसली की घटकाभर रेंगाळायच्या आणि ती आत गेल्यावर निघायच्या. हे मला तिनं कधी सांगितलं नाही. एकदा मुक्कामाला राहिलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, मनावर घेऊ नकोस, त्यांच्या ते लक्षातही येत नाही. मला तेच जास्त लागलं.

अंगणात दाजींनी घेतलेली एक बोअर होती. ती पहिल्याच दिवशी फसली होती. पावसाळ्यात थोडं पाणी धरायची, पुढे सगळा ठणठणाट. तिच्या तोंडावर फरशी टाकून आक्का त्यावर कुरडया वाळवायची. पिण्याचं पाणी टेकाडाखालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. एका उन्हाळ्यात ती हंड्यासकट घसरली, गुडघा सुजला, आणि मुलगा हट्टाला पेटला. या दिवाळीला बिऱ्हाड हलवूनच नेतो, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. आक्कानं मला फोन केला. रडणं तिला कधी जमलं नाही. तुझ्या गाडीनं माझी बोअर फुटेल का, एवढंच तिनं विचारलं.

आमचं काम तेव्हा पारोळ्याच्या बाजूला चाललं होतं. गाडीच्या मालकाला विचारून मी ती तिच्या गावाकडे वळवली. फुगा उतरवला, दाब द्यायला सुरुवात केली. दाबाचा काटा चढत जातो, चढत जातो, आणि दगड उघडला की एकदम खाली येतो. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी मी काट्यावरून नजर हलवत नाही, आणि त्या दिवशी तर बहीण बाजूला उभी होती. काटा खाली आला. मग कॉम्प्रेसरनं आत हवा मारली तेव्हा आधी राखाडी चिखल उडाला, मग लाल गढूळ पाणी, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ. आक्कानं दोन्ही हात त्या पाण्यात धरले.

"भाऊ, पानी उनं," ती म्हणाली. मला दिसत होतं तरी पाणी आलं हे तिनं मला सांगितलं, आणि मग तेच गल्लीला ओरडून सांगितलं.

मधल्या त्या लाल पाण्यानं मी मात्र अस्वस्थ झालो होतो. खाली लाल थर आहे, हे आता नक्की झालं होतं. मी छोटी मोटर बसवली, नळाचा कॉक अर्ध्यापेक्षा जास्त बंद केला आणि तो कुणी फिरवू नये म्हणून तारेनं आवळून टाकला. आक्काला समोर बसवून सगळं समजावलं. ती शेळीला पाला घालत हं हं करत होती. तिच्या हं हं ची मला लहानपणापासून ओळख आहे.

पहिली हंडा घेऊन आली ती समोरच्या घरातली बाई. लग्नाच्या वयाच्या दोन मुली, नवरा ट्रॅक्टरवर. तिच्यामागे गल्ली आली. गल्लीत घरोघर नळ बसले होते, निळे नवेकोरे, फक्त त्यांतून पाणी यायचं राहिलं होतं. थोड्याच दिवसांत आक्काच्या अंगणात सकाळी हंड्यांची रांग लागू लागली, आणि ओट्यावर चहाची पातेली घेऊन आक्का मधोमध. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळं आधी तिच्या कानावर. भांडण झालं तर निवाडा तिचा. पुढच्या लगीनसराईत गल्लीतल्या मांडवांना पाणी तिच्याच बोअरचं गेलं, हळदीलासुद्धा तेच, आणि ज्या घरांनी तिला कधी हळदीच्या दिवशी उंबऱ्यात येऊ दिलं नव्हतं त्यांनी तिला आग्रह करकरून जेवायला बसवलं. फोनवर मला ती हे इतक्या वेळा सांगायची की शेवटी मीच जेवणात काय होतं ते म्हणून दाखवायचो. ती हसायची. कितीतरी वर्षांनी मी तिला तशी हसताना ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आपल्या धंद्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा तिनं त्याला ठणकावून सांगितलं की मी आले तर गल्लीला पाणी कोण देईल. तो बिचारा एकटाच परत गेला.

हिवाळ्यात मी गेलो तर तार सोडलेली आणि कॉक पूर्ण उघडा. मी संतापलो. बारीक धारेत हंडा भरायला वेळ लागतो, मागच्या बायांना शेतावर जायला उशीर होतो, त्या कंटाळून टेकाडाखाली निघून जातात, असं आक्काचं म्हणणं. मी म्हणालो, जाऊ देत की. चार घरांना पाणी दे, बाकीच्यांना नाही म्हण, नाहीतर ही बोअर तुझ्या डोळ्यांदेखत तुंबेल.

"कोनले नही म्हनू, सांग," ती म्हणाली. "इतला वरीस कोन येत व्हतं मना दारमा?"

इतकी वर्षं तिच्या दारात कोण यायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुटपुटत मी तार पुन्हा आवळली. माझी पाठ फिरताच ती सुटणार हे तिला माहीत होतं आणि मलाही. धुळ्याला परतताना बसमध्ये मी तिच्यावरच चिडत राहिलो. एवढं मला कळत होतं की ही बोअर गेली तर आक्का त्या गावात राहू शकणार नाही. पाण्यावाचून ती राहिली असती, आयुष्यभर तेच केलं होतं तिनं. सकाळच्या त्या गर्दीची सवय लागल्यावर पुन्हा रिकाम्या ओट्यावर बसणं तिला झेपणार नव्हतं.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा वरचढ सण. वैशाखाचं ऊन, लेकी माहेरी आलेल्या, झाडांना झोके, पत्त्यांचे डाव, आणि घराघरात पितरांची घागर. कुंभाराकडून आणलेली कोरी घागर ताज्या पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर करा, म्हणजे लहान मडकं, ठेवायचा, त्यावर खरबूज, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं तिची पूजा करायची. वर्षभर तहानलेल्या पितरांना पाणी मिळतं ते या दिवशी. दरवर्षी आखाजीला आक्का माझ्याकडे धुळ्याला माहेरपणाला यायची. बोअर फुटल्यापासून येणं बंद झालं. गल्लीच्या घागरी तिच्या अंगणातल्या पाण्यानं भरल्या जात होत्या. जिच्या सावलीला लोक आडून आडून टाळत होते तिच्या दारचं पाणी सगळ्या गल्लीच्या पितरांना चालत होतं. त्यापुढे माझ्या घरच्या पुरणपोळीची काय किंमत? मी रुसल्यासारखं केलं, पण मनातून मला ते समजत होतं.

बोअर फुटल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं. मोटर मधेच हवा ओढायची, घरघरायची, थांबवावी लागायची. पाण्याला लालसर झाक आली होती. बाया घरी नेऊन हंड्यात तुरटी फिरवायच्या, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी वापरायच्या. फोनवर मी सांगितलं, आता तरी थांब, दोन महिने मोटर बंद ठेव. आखाजी होऊ दे, मग ठेवते, असं ती म्हणाली.

पुढचं मला तिनंच सांगितलं, म्हणून जसं सांगितलं तसं लिहितो. आखाजीच्या आदल्या दिवशी लेकी-नातवंडांनी घरं भरली होती. सकाळपासून मोटर थांबत, चालू होत, पुन्हा थांबत राहिली. दुपारी पाणी गेरूसारखं लाल आलं. पिण्याचं काय, तुरटीनं भागलं असतं. घागरीत तुरटी फिरवलेलं पाणी चालत नाही, तिथे जमिनीतून आलेलं तसंच भरावं लागतं. रांगेतल्या बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या. मग समोरची म्हणाली की उद्या घागरीचं पाणी खालच्या विहिरीवरूनच आणू, आक्काला उगाच त्रास नको. ती चांगल्या मनानं म्हणाली होती. बाकीच्यांनी मान डोलावली आणि हंडे उचलले.

आक्कानं ते ऐकून घेतलं. त्या गेल्यावर ती दुकानात गेली आणि दुकानदाराकडे होती नव्हती तेवढी तुरटी घेऊन आली. जी तुरटी हंडा निवळते ती बोअर का निवळणार नाही, हा तिचा साधा हिशेब. हंड्याला खडा पुरतो, बोअरला जास्त लागेल. तिनं तुरटी खलबत्त्यात कुटली, गरम पाण्यात विरघळवली आणि दिवे लागायच्या सुमाराला बादल्याच्या बादल्या बोअरमध्ये ओतल्या. नीट मिसळावी म्हणून मोटर जराशी चालवून बंद केली. घागरीत तुरटी घालायची नव्हती, ती तिनं घातली नव्हती. रात्रभरात गाळ खाली बसेल आणि सकाळी घागरींना निवळ पाणी मिळेल, म्हणून ती समाधानानं झोपली.

सकाळी मोटर लावली तर पाणी काचेसारखं स्वच्छ आलं. आक्का गल्लीत हाका मारत गेली. विहिरीकडे निघालेल्या बाया उलट्या फिरल्या. घागरी भरू लागल्या, पोरीबाळींचा कलकलाट झाला, कुणीतरी आखाजीच्या गौराईचं गाणं धरलं. दाजींची घागर तिनं सगळ्यांच्या शेवटी ठेवली होती. घरच्या माणसाला कसली घाई, असं ती मला सांगताना म्हणाली. रांग अर्धी व्हायच्या आत धार बारीक झाली, मोटर घरघरली आणि नुसती हवा येऊ लागली. थांबून पुन्हा लावली, पुन्हा हवा. ज्यांच्या घागरी भरल्या होत्या त्या निघून गेल्या, बाकीच्या घाईघाईनं विहिरीकडे पळाल्या, कारण ऊन चढत होतं. दाजींच्या घागरीत आक्कानं माठातलं पाणी ओतलं. शिळं होतं, तुरटी फिरवलेलं होतं. नवऱ्याच्या नावानं तिनं तीच घागर पुजली.

चार-आठ दिवसांनी मी कॉम्प्रेसर घेऊन पोचलो. आत हवा मारली. लाल चिखल निघेल अशी माझी अपेक्षा होती, तसा तो निघालाही, पण त्यात गुलाबीसर गुठळ्या होत्या, फाटलेल्या दुधासारख्या, बुळबुळीत. एवढ्या वर्षांत मी असलं काही पाहिलं नव्हतं. एक गुठळी बोटांत चोळली, न राहवून जिभेला लावली, आणि तोंड तुरट झालं. मी आक्काकडे पाहिलं. तिनं काही लपवलं नाही. ओट्यावर बसून, एकही गोष्ट न गाळता, सगळं सांगितलं.

तुरटी काय करते हे कुणालाही माहीत आहे. सुटी माती एकत्र बांधते आणि तळाला नेऊन बसवते. हंड्याच्या तळाला कुणी काही मागत नाही. बोअरमध्ये मात्र ज्या भेगांतून पाणी येतं त्यांच्याच तोंडाशी त्या गुठळ्या बसल्या असणार. असणार, असं मी म्हणतो. भेगा आधीपासून तुंबत चालल्या होत्या, त्या उन्हाळ्यात नाही तर पुढच्या उन्हाळ्यात बोअर जाणारच होती. तुरटीनं तिला मारलं की मरतीच्या अंगावर शेवटचं ओझं टाकलं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. खाली उतरून कुणी पाहिलंय?

"मीच मारी टाकी का रे बोर?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो. ती जाणारच होती, तुझा काही संबंध नाही, असं म्हणालो. माझ्या तोंडाकडे पाहून ती बरं म्हणाली. आम्ही फुगा पुन्हा उतरवला, पुन्हा दाब दिला. बोअरनं दिवसभर लाल पाणी दिलं, मी त्यावर आशा धरून बसलो, आणि संध्याकाळी मोटर हवा ओढू लागली. मी सामान आवरायला लागलो. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. बोअरवर काढता येत नाही, बहिणीवर काढवत नव्हता, आणि गल्लीतल्या बायांनी काय केलं होतं? त्यांना तहान लागली होती, एवढंच.

आक्काचं तोंड बंद राहणाऱ्यांतलं नाही. तुरटीचं तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. त्याचं पुढे आक्कानं बोअरमध्ये काहीतरी टाकलं असं झालं, मग आणखी काय काय झालं. विधवेच्या अंगणातलं पाणी पितरांना रुचलं नाही, असंही कुणीतरी बोललं. कोण बोललं ते आक्कानं मला सांगितलं नाही. मी फार खोदून विचारलं तर म्हणाली, जाऊ दे, तुझा स्वभाव तापट आहे.

पाऊस लांबला. गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला. मी बोअरमधली मोटर काढून ठेवायला गेलो होतो. पडून राहिली तर गंजून जाते. अंगण झाडलेलं होतं, ओट्यावर चहाचं पातेलं नव्हतं. आक्का बारीक दिसत होती. मी मोटर वर ओढत असतानाच टँकरचा भोंगा वाजला. ती हंडा घेऊन निघाली आणि मी दुसरा हंडा घेऊन तिच्यामागे गेलो.

समोरच्या घरी लग्न होतं, धाकट्या मुलीचं. दारात मांडव घातलेला, संध्याकाळी हळद. समोरची आणि तिच्या पाहुण्या बाया हंडे-कळश्या घेऊन आमच्या मागोमाग टँकरपाशी आल्या. आक्का लवकर निघाल्यामुळे आपसूक पुढे आली होती, तिचा हंडा पाइपाखाली लागणार होता. समोरचीनं तिच्या दंडाला हात लावला. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट थोडा ओशाळलेला होता.

"आक्का, तू जराखं मांगे थांब," ती म्हणाली. "हयदीनं पानी शे. पहिले सवाशिनीस्ले भरी लेऊ दे."

हळदीचं पाणी, म्हणून आधी सवाष्णी आणि आक्का मागे. याच बाईच्या घरचं पाणी दोन वर्षं कुणाच्या अंगणातून गेलं, तेव्हा हळद बाटत नव्हती का, हे मी तिला तिथेच, तिच्या पाहुण्यांसमोर विचारणार होतो. मी एक पाऊल पुढे टाकलंही. आक्कानं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"भर बाई, भर," ती समोरचीला म्हणाली. "तुना घर लगीन शे."

आणि हंडा उचलून ती मागे गेली. जवळच्या बायांच्या मागे उभी राहिली, मग तिथूनही आणखी मागे, थेट रांगेच्या टोकाला, जिथे कुणाचा पदर तिला लागणार नाही. मीही जाऊन शेजारी उभा राहिलो. लग्नघरचे हंडे भरले, मग बाकीच्यांचे, आणि आमचा नंबर यायच्या आधी पाइपातून नुसते थेंब पडू लागले. टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला. परवा येतो म्हणाला.

रिकामे हंडे घेऊन आम्ही परत निघालो. मांडवात कुणीतरी सनईची रेकॉर्ड लावली होती. घराच्या पायरीपाशी आक्का थांबली.

"पोऱ्याले फोन लाव," ती म्हणाली. "सांग त्याले, मी येस."

मी तिथेच उभं राहून फोन लावला. मुलानं उचलला, मी म्हणालो आई तुझ्याकडे यायचं म्हणतेय. त्याला खरं वाटेना. आईला दे, तिच्या तोंडून ऐकू दे, म्हणाला. मी फोन तिच्यापुढे धरला. शेळीशीसुद्धा तासन्‌तास बोलणारी माझी बहीण फोनकडे बघत राहिली आणि मान हलवून नको म्हणाली. मग मीच त्याला सांगितलं, उद्याच्या गाडीनं ये आणि घेऊन जा.